दुसरं पारडं

मी राहायचे त्या शेषगिरीमामाच्या घरी सोवळं फार कडक होतं. भरल्या हंड्यात कावळ्याचं पीस पडलं, तर सगळं पाणी मोरीत. मद्रासच्या पाणीटंचाईतसुद्धा. मामी कपाळाला हात लावी.

हेच सोवळं तो नोकरीतही पाळायचा. जनावरांच्या लशी करणाऱ्या एका संस्थेत तो तपासनीस होता. नवी लस आधी सशांना टोचायची, ससे धडधाकट राहिले तरच ती बाहेर सोडायची. संशय आला की विटाळ झाला, असं त्याचं गणित. दगडापेक्षा वीट मऊ ही म्हण त्याच्या कानावरून कधी गेलीच नसावी.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात अड्यार नदीकाठच्या गोठ्यांत घटसर्प हा गुरांचा जीवघेणा रोग शिरला. आमचा गवळी सुब्बा रोज म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत दूध काढून द्यायचा. त्यानं हात जोडून मामाकडे लस मागितली. पण तपासणीतले दोन ससे मलूल झाले होते, म्हणून मामानं सगळी लस अडवली. औषधात दोष असावा, असं त्यानं सुब्बाला सांगितलं. फेरतपासणी होईतो सुब्बाच्या सगळ्या म्हशी गेल्या.

फेरतपासणीत लस निर्दोष ठरली. ससे ओल्या, बुरसलेल्या चाऱ्यानं आजारले होते. "नियमानंच वागलो," म्हणत मामा पानावर बसला. सुब्बाला मात्र त्यानं काही कळवलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला, अजूनही येतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्याला एका प्रशिक्षणाला धाडलं. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर तराजू काढला. एका पारड्यात लस सोडण्याचा धोका, दुसऱ्यात ती अडवून ठेवण्याचा. दोन्ही तोलून मगच निर्णय घ्यायचा. मामा घरी आला तो ओसरीवरच बसून राहिला.

"महालक्ष्मी, दुसरं पारडं मी कधी पाहिलंच नाही गं," तो मला म्हणाला. त्याचा आवाज असा फुटलेला मी प्रथमच ऐकला.

सुब्बा आता दुधाची पाकिटं टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी "सामी, पाल!", म्हणजे 'स्वामी, दूध!', अशी त्याची हाक आली तसा मामा अनवाणीच बाहेर गेला.

"सुब्बा, ते औषध चांगलं होतं. मीच अडवलं."

सुब्बा बराच वेळ पिशवीतली पाकिटं सारखी करत राहिला.

"सामींनी खराब औषधापासून वाचवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो," तो म्हणाला. "देवापुढंही तुमचं नाव घ्यायचो."

पाकीट मामाच्या हाती न देता त्यानं पायरीवर ठेवलं. त्यानंतर दूध वेळेवर येई, हाक मात्र आली नाही. मामा रोज पहाटे दाराशी उभा राही.