बोर्डोच्या किल्ल्यातला दुभाषा

मला आधी एक सांगा. परक्या मुलखात सौदा करायला गेलात आणि तिथली भाषा येत नाही, तर विश्वास कुणावर ठेवाल? भाषा येणाऱ्यावर? बहुतेक जण हेच म्हणतात. मीही हेच म्हटलं असतं.

दुकानदाराकडे दोन गोष्टी न मागवता साठतात. एक, न खपणारे नटबोल्ट. दुसरे, किस्से. दुबईच्या बर दुबई भागात खाडीकाठी माझं इंजिन-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तिथे दोन्हींचा ढीग. नटबोल्ट पुढे भंगारात दिले. किस्से कुणी घेत नाही, नुसते ऐकून जातात. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "हसनभाई, ते किल्ल्याचं होऊन जाऊ दे."

दुबईत चालणारा गल्फचा रुपया जाऊन रियाल आला, त्या १९६६च्या सुमाराची गोष्ट. ज्या कंपनीचे पंप मी विकत होतो तिनं एजन्सी काढून घेतली होती. नुसत्या सुट्या भागांवर दुकान चालेना. घरी श्रीवर्धनला मी कळवून टाकलं होतं, यंदा नवी एजन्सी मिळाली तर ठीक, नाहीतर दुकान विकून गावी येतो. तेवढ्यात बोर्डोच्या एका पंपवाल्या कंपनीला आखातात एजंट हवाय असं कळलं.

आम्ही तिघांनी भागीदारी केली. मी पंप बसवणार. मूलजीभाई, बर दुबईतले धान्याचे भाटिया व्यापारी, पैसा घालणार. आणि हाजी खलफान, इथलेच अरब, आपल्या दोन लाँचवरून माल किनाऱ्या-किनाऱ्यानं पोचवणार. हाजींची तरुणपणची वर्षं मुंबईत गेलेली, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्याहून बरी.

कंपनीचा माणूस आम्हाला न्यायला दुबईत आला. त्याचं नाव जोर्ज, बैरुतचा. अरबी आणि फ्रेंच दोन्ही पाण्यासारखी बोलायचा. बैरुतला आपल्या मेव्हण्याचंही पंपांचं दुकान आहे आणि त्यालाही ही एजन्सी हवीय, हे त्यानं स्वतःच हसत हसत सांगितलं. माणूस स्वतःहून सांगतो म्हणजे साफ मनाचा, असं आम्ही धरून चाललो.

दुकानात बसून त्यानं बोर्डोचं मोठं वर्णन केलं. जगातली सगळ्यात नामी वाईन तिथली, राजे-महाराजे पितात वगैरे. मी म्हटलं, बोर्डो मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो चकित झाला. मी सांगितलं, "आमच्या गावी पावसाळ्याआधी सुपारीवर बोर्डोच मारतात. मोरचूद आणि चुना."

एरवी सगळं वहीत टिपणाऱ्या जोर्जनं हे मात्र लिहून घेतलं नाही.

*

कंपनीचे मालक म्हणजे एक सत्तरीचे म्हातारे. आम्ही बोर्डोला पोचलो तर त्यांनी आमची सोय शातोमध्ये केली होती. शातो म्हणजे चक्क किल्ला. बुरूज, खंदक, खंदकात बदकं आणि आत हॉटेल! जोर्ज म्हणाला, इथे राजांचा मुक्काम असायचा.

मी म्हटलं, रत्नागिरीतही एक राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी मरेपर्यंत तिथे कैदेत ठेवलं होतं. आमच्या बाजूला परदेशी पाहुण्याला राजवाड्यात उतरवलं, तर तो घरी परत जात नाही.

मी हे गमतीनं म्हटलं. हाजींनी गमतीनं घेतलं नाही. खोलीची वीतभर लांब लोखंडी किल्ली हातात घेऊन ते जोर्जला म्हणाले, "कुलूप आतून लागतं की बाहेरून, एवढं आधी विचार."

*

मूलजीभाईंना खोलीच्या दारामागे भाड्याचा तक्ता सापडला. पैसे कंपनी देणार होती, पण आकडा दिसला की मूलजीभाईंना राहवत नसे. फ्रँकचे रियाल केले, रियालचे रुपये केले, रुपयांचा तांदूळ केला, आणि पलंगावर बसायचं सोडून खुर्चीत बसले.

मी विचारलं, काय झालं?

"हसनभाई, एका मुक्कामात माणूस इथे तांदळाच्या गोणीच्या गोणी संपवतो, अने पेट तो खाली ज, पोट रिकामंच!"

*

आता बालदीचा किस्सा. खोलीत नळ होता, टब होता, सोन्यासारखी चमकणारी तोटी होती. लोटा मात्र नव्हता. भांड्यातून पाणी घेतल्याशिवाय हाजींना वजू, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुणं, केल्यासारखं वाटत नसे. त्यांनी घंटी वाजवून नोकराला हातानं दाखवलं, एवढं उंच, एवढं रुंद, आत पाणी. नोकर हसला, मान डोलावली आणि चांदीची सुंदर बालदी घेऊन आला. त्यात बर्फ आणि बर्फात शॅम्पेनची बाटली.

हाजींनी बाटली काढून दाराबाहेर ठेवली, बर्फ टबात ओतला, बालदीत नळाचं पाणी भरलं आणि वजू केला. नमाज झाली तोवर झाडलोट करणाऱ्या बाईनं बालदी परत नेली. पुढच्या नमाजेला पुन्हा घंटी, पुन्हा बालदी, पुन्हा बाटली दाराबाहेर.

संध्याकाळपर्यंत बाहेर बाटल्यांची रांग लागली, सगळ्या न उघडलेल्या. मॅनेजरचा समज असा झाला की अरब शेखला शॅम्पेन पसंत पडत नाहीये. म्हणून तो दर वेळी आधीच्याहून भारी बाटली पाठवत होता.

शेवटी तो स्वतः वर आला, हात जोडल्यासारखे करून, जोर्जला घेऊन. शेखसाहेबांना नेमकी कोणती हवी? हाजींनी शांतपणे सांगितलं, "रिकामी."

*

मूलजीभाईंच्या जेवणाचा प्रश्न निघाला. ते मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण काही खात नसत. हे सगळं त्यांनी जोर्जला नीट समजावलं. कशातलं सूप चालणार नाही, कोणत्या तेलात तळलेलं चालणार नाही, आचाऱ्यानं हात कधी धुवायचे, सगळं. मधे हाजी अरबीत सांगत होते. बराच वेळ गेला. जोर्जनं ऐकून घेतलं आणि आचाऱ्याला दोन शब्द सांगितले.

मूलजीभाई थक्क झाले. म्हणाले, "दोन शब्दांत सगळं आलं? मोठी भाषा दिसते."

हाजी म्हणाले, "किंवा दुभाषा छोटा."

ताटात काय आलं? लसणाच्या लोण्यात शिजवलेल्या गोगलगायी. मूलजीभाई उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी बशीत निरखून बघितलं. आमच्याकडे पावसाळ्यात परसात निघतात त्याच. आम्ही त्यांच्यावर मीठ टाकतो, हे लोणी टाकतात. मूलजीभाईंनी त्या दिवसापासून ब्रेड आणि घरून आणलेलं लिंबाचं लोणचं यांवर दिवस काढले. लोणच्याचा वास मात्र पार जिन्यापर्यंत जायचा. एका मडमेनं थांबून विचारलंही, हे कोणतं अत्तर?

*

म्हाताऱ्यांचा पंपांबरोबर द्राक्षांचा मळा आणि वाईनचा धंदाही होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाईनच्या तळघरात नेलं. लाकडी पिंपंच पिंपं, गार अंधार. म्हातारे मालक होते, हॉटेलवाले होते, आणखी चार-सहा गिऱ्हाइकं होती. आम्ही पीत नाही हे त्यांना एव्हाना कळलं होतं, तेव्हा आम्ही नुसते बघे.

एकेकानं पेला घेतला, हलवला, हुंगला, घोट तोंडात घेतला, गुळणी केल्यासारखा फिरवला आणि एका पिंपात थुंकला. पुढचा पेला, तोही थुंकला. म्हातारेही थुंकले.

हाजी माझ्या कानाशी आले. "अरे हसन, यांनाही हराम आहे की काय?"

मी म्हटलं, तसं नाही, ही पारख करायची रीत आहे.

हाजींनी थोडा विचार केला. म्हणाले, "मालक स्वतःचा माल थुंकतो आणि मग दुसऱ्याला विकतो. आपण याचे पंप नीट तपासून घेऊ."

*

पंप तपासले. उत्तम होते. हाजींनी एक उघडून परत जोडायला लावला, तेव्हा माझं म्हाताऱ्यांकडे लक्ष होतं. ते कौतुकानं बघत होते. मला वाटलं, काम होतंय.

त्याच दुपारी त्यांनी मला आपल्या द्राक्षांच्या मळ्यात नेलं. वेलींच्या पानांवर निळसर डाग होते. मी एक पान बोटानं चोळलं आणि बोट त्यांना दाखवलं. "मोरचूद," मी म्हटलं, आणि हातानंच दाखवलं, आमच्याकडे एवढी उंच झाडं, माणूस वर चढून फवारतो. म्हाताऱ्यांनी डोळे मोठे केले, माझं बोट धरलं आणि बोलायला लागले. चालता चालता बोलत होते, मळ्याकडे हात करत होते, मधेच माझ्या पाठीवर थाप मारत होते. वाट संपली तरी बोलणं संपेना.

मी मागून येणाऱ्या जोर्जला विचारलं, काय म्हणतात?

"विचार करून कळवतो म्हणतात."

पाठीवर थापा मारत कुणी विचार करून कळवत नाही. पण मला फ्रेंच येत नव्हती. आमची तिघांची इंग्रजी मिळून एका पोस्टकार्डावर मावली असती, आणि म्हाताऱ्यांना तीही नव्हती. संध्याकाळी मूलजीभाई म्हणाले, हसनभाई, मला काही खरं दिसत नाही. जोर्ज मेव्हण्याच्या कामी येतोय. मलाही तेच दिसत होतं. पण दुभाष्याबद्दलची तक्रार करायची कुणामार्फत? दुभाष्यामार्फत?

*

शेवटच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फैसला होता. लांबलचक टेबल, मेणबत्त्या, एकेकापुढे चार-चार काटे. म्हाताऱ्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जोर्ज. हाजी आणि मूलजीभाई समोर.

म्हातारे थोडंसं बोलले. जोर्ज माझ्याकडे वळला. "मालकांची अट अशी, पहिल्या वर्षी दोनशे पंप उचलायचे. कमी नाही."

दोनशे! सगळ्या किनाऱ्यावर मिळून तेवढ्या विहिरी निघाल्या नसत्या. मूलजीभाईंनी हातातला ब्रेड खाली ठेवला. मी म्हटलं, हे आम्हाला झेपणार नाही, जरा कमी करायला सांग. जोर्जनं फ्रेंचमध्ये काही सांगितलं. म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी खांदे उडवले आणि बशीकडे बघू लागले.

मला तो चेहरा समजेना. दोनशे मागणाऱ्याला नकार मिळाला तर तो घासाघीस करतो. हे तर एखाद्यानं घरचं लग्नाचं बोलणं मोडल्यासारखे बसले होते.

हाजींनाही ते दिसलं असावं. त्यांनी टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला, माझा हात पुढे ओढला आणि त्यावर टाकला. हाजींनी तरुणपणी मोती विकले होते आणि माझ्या वडिलांनी सुपारी. दोन्ही बाजारांत रीत एकच. भाव तोंडानं बोलायचा नाही. हात कापडाखाली घालायचे आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या दलालाला पत्ता लागत नाही.

हाजींनी रुमालाखाली माझी तीन बोटं दाबली. मी दुसऱ्या हातानं फळांच्या ताटातले तीन अक्रोड म्हाताऱ्यांपुढे ठेवले. मग त्यांनी पाची दाबली. मी पाच ठेवले. म्हातारे बघत राहिले. जोर्ज हसला. म्हणाला, जादूचा खेळ का?

म्हाताऱ्यांनी अक्रोड बाजूला ढकलले. कोटाची बाही मागे सारली आणि आपला हात रुमालाखाली घातला. खडबडीत, शेतकऱ्याचा हात. त्यांनी माझी पाची बोटं एकदम दाबली. सोडली. पुन्हा दाबली. पुन्हा. पुन्हा. आणि थांबले.

वीस. फ्रेंचचा अरबीत तर्जुमा करताना एक शून्य वाढलं होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात धरून मी तेवढंच परत दाबलं, वीस. आणि माझ्याकडून वर पाच.

म्हाताऱ्यांनी रुमालाखालीच माझा हात घट्ट धरला. सोडेचनात. मग मान वळवून जोर्जकडे बघत राहिले. जोर्जचं हसू तोवर गेलं होतं.

"काय ठरलं?" त्यानं मला अरबीत विचारलं. मी म्हाताऱ्यांकडे बोट केलं. त्यानं म्हाताऱ्यांना फ्रेंचमध्ये विचारलं, बहुधा तेच.

म्हातारे अगदी सावकाश बोलले, एकेक शब्द सुटा करून. बोलताना नजर जोर्जवर होती आणि हात माझ्या हातात.

हाजी म्हणाले, "यल्ला, चल, तर्जुमा कर."

जोर्जनं पाण्याचा घोट घेतला. "म्हणतात, आकडा ज्याला कळायचा त्याला कळला. आता एवढंच सांगणं आहे. यापुढे हिशेब इमानानं ठेव."

मी विचारलं, "हे मला म्हणाले, की तुला?"