मुंग्यांमधला ठिपका

पडद्यासमोर बसण्याआधी बाबूजी खिडकीला गोधडी लावायचे, दिवा बंद करायचे आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरून दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे. आम्ही संत्र्याचे व्यापारी मागे ताटकळत उभे. घाई केली की एकच उत्तर, "फेरी होऊ द्या, शेठ."

गारपिटीची सूचना मिळावी म्हणून सौंसरजवळ एका खाजगी कंपनीने छोटं रडार बसवलं होतं. विमानतळाच्या रडारवर नोकरी करून निवृत्त झालेले बाबूजी ते चालवायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, कामात मुरलेला आणि कोणाचं न ऐकणारा. पडद्यावर मुंग्यांसारखे वळवळणारे ठिपके दिसेपर्यंत ते बटण फिरवत राहायचे.

"रडार हाय का बिघडलेला टीव्ही?" मी चिडायचो.

"पडदा साफ केला का कमजोर ढगही पुसल्या जाते, शेठ. मुंग्या जागा बदलते. रडारच्या तीन फेऱ्या जागीच टिकला, तो ठिपका खरा."

मी टोपल्या उचलून या धंद्यात वर आलो. डागी माल मी कधी घेतला नाही. डागांचा पडदाही खपेना. कंपनीला तक्रार लिहिली, पडदा साफ करा.

नंतर मार्चमध्ये तिगावच्या बगीच्यात संत्र्यांचा तोडा चालू होता. तीस माणसं शिड्यांवर, ट्रक अर्धा भरलेला. बाबूजींचा फोन आला.

"माणसं उतरवा."

"इथं ऊन हाय. काय पाहून राहिले तुम्ही?"

"बारीक ठिपका. दोन फेऱ्या झाल्या."

"मंग तिसरी होऊ द्या."

मी शिड्यांकडे पाहत राहिलो.

"झाली. आता भाव करू नका, शेठ."

शिव्या देतच मी सगळ्यांना टिनाखाली घेतलं. अर्ध्या तासात गारा आदळू लागल्या. बांधावरच्या झाडावर वीज पडली. शिडी अजून त्याला टेकलेलीच होती.

पुढच्याच महिन्यात माझी तक्रार मंजूर झाली. कंपनीने मुंग्या आपोआप पुसणारी यंत्रणा बसवली आणि बाबूजींना घरी पाठवलं. मी जाऊन भांडलो, "मी पडदा साफ करा म्हटलं होतं, माणूस नाही." कंपनीवाल्यांनी तक्रारीवरची माझी सही दाखवली. आता आमचं अख्खं पांढुर्णा म्हणतं, मीच त्यांना काढलं. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

"तुम्ही तरी लोकांना सांगा," मी बाबूजींना म्हटलं.

"काय सांगू? सही तर तुमचीच हाय," ते हसले. मग मुलीकडे नागपूरला गेले, आणि तिथेच वारले.

यंदा तोड्याच्या दिवशी मी रडारच्या खोलीत गेलो. पडदा काचेसारखा स्वच्छ. नवे ऑपरेटर म्हणाले, "काहीच नाही, शेठ."

तेवढ्यात बगीच्यातून मुकादमाचा फोन आला. "शेठ, माणसं चढवू का?"

मी पडद्यावर मुंग्या शोधत होतो.

"शेठ? चढवू का?"