पाव्हण्याचं पाणी

रेणुकाच्या घराच्या खोल्या दोन, अन् त्यातली एक सरकारची. म्हणजे घर तिचंच, पत्रे तिचेच, भिंती तिच्या नवऱ्यानं, गोविंदानं, स्वतःच्या हातानं बांधलेल्या. पण आतल्या खोलीच्या कुलपावर लाखेचं सील, अन् दारावर कागद : परवानगीशिवाय उघडू नये. दीड वर्ष झालं. गोविंदा ऑटो चालवून दमून येतो अन् ओसरीत पथारी टाकतो. सासू विमलबाई चुलीपाशी निजते. रेणुकाचं स्वेटर त्या खोलीत अडकलं, तर बाईनं दोन हिवाळे नवऱ्याच्या मफलरवर काढले. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या बाप्पा, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खोलीत काय होतं म्हणाल तर पाणी. दोनशे बारा बाटल्या, थर्मोकोलच्या डब्यांत, प्रत्येकीवर घरधन्याचं नाव.

गाव संग्रामपूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, अन् माणसाच्या किडन्या मात्र गुपचूप शिजून निघतात. चार वर्षांमागं आपल्या सरकारचा एका परदेशी सरकारशी करार झाला. तिकडचं विद्यापीठ अन् इकडचं विद्यापीठ, दोघं मिळून या पट्ट्याचं पाणी तपासणार. ज्या गावचं पाणी सगळ्यात खराब निघेल, तिथं पाणी शुद्ध करायचं यंत्र सगळ्यात आधी बसणार. रेणुका बारावी शिकलेली, बचत गटाची सचिव, अक्षर देखणं. गावची कार्यकर्ती म्हणून तिला नेमलं. दारोदार बाटल्या वाटल्या तिनं, गोळा केल्या तिनं. "आपल्याकडं यंत्र येते का नाही पाहा," असं ती छातीला हात लावून सांगायची.

बाटल्या प्रयोगशाळेत जायच्या तेवढ्यात दिल्लीहून हुकूम सुटला. परदेशांशी झालेल्या सगळ्या करारांची फेरतपासणी. कोणत्या करारात देशाबाहेर काय जातं, कुणाच्या परवानगीनं जातं, बोअरचे नकाशे कुणाच्या हाती पडले, सगळं बघायचं. बघावंच म्हणतो मी. आपल्या जमिनीखालचं पाणी आहे, कुणी मागितलं अन् देऊन टाकलं, असं कसं चालेल? पण बघायचं तर लवकर बघावं की नाही? तालुक्याला ठेवायला जागा नव्हती, म्हणून साहेब म्हणाले, आहे तिथंच सील करा. पंचनामा झाला. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे माल सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्या कागदावर, रेणुकाची सही झाली. त्यात शब्द होता तात्पुरते. तो तिनं दोनदा वाचला होता, अन् त्याच्यावरच विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून दर सोमवारी त्या दिवसाचा पेपर हातात धरून सीलाशेजारी उभं राहायचं अन् तालुक्याला फोटो पाठवायचा. चुलत बहीण मयुरीची हळद वडनेर भोलजीला, नेमकी सोमवारी. रेणुका गेली नाही. खामगावला एका संस्थेत चांगलं काम मिळत होतं. तेही गेलं, कारण माल सोडून गाव सोडता येईना. राजीनामा देते म्हटलं, तर आधी माल परत करा म्हणे. माल न्या म्हटलं, तर तपासणी चालू आहे म्हणे. फोनवरचा माणूस बिचारा दर वेळी गोड बोलायचा. त्या गोड बोलण्याचीच तिला चीड यायला लागली होती.

अन् गाव? गाव रोज विचारायचं. "काय वं रेणुका, रिपोर्ट कधी येते?" पहिल्यांदा आशेनं, मग टिंगलीनं. म्हातारा उकंडराव तर पारावरून ओरडायचा, "अवं, त्या पान्याचं लोणचं घातलं काय?"

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण ह्या उन्हाळ्यात विमलबाईचे पाय सुजले. डॉक्टरनं रक्त तपासलं अन् बजावलं, बोअरचं पाणी बंद, थेंबसुद्धा नको. गावात गोडं पाणी म्हणजे आठवड्यातून एकदा येणारं टँकरचं, घरटी दोन हंडे. त्यातला एक सैंपाकाला अन् एक पितळी, झाकण घालून कोनाड्यात ठेवलेला, पाव्हण्याचा. त्याला घरचं माणूस हात लावत नाही, ही इथली रीतच. आल्यागेल्याच्या तोंडी खारं पाणी घालणं म्हणजे घराची नाचक्की.

एके दुपारी रेणुकानं सासूला पकडलं. म्हातारी बोअरच्या ड्रमात ग्लास बुडवत होती.

"आत्याबाई! डॉक्टर काय म्हणला होता?"

"तहान लागली होती माय."

"मंग हंड्यातलं घ्या न! तो काऊन भरून ठेवला?"

"तो पाव्हण्याचा हाय." विमलबाईनं शांतपणे ग्लास तोंडाला लावला. "मी काय पाव्हणी हाओ? तुह्या त्या बाटलीत बी मी हंड्यातलंच भरलं होतं. एवढे दूरदेशचे लोक आपलं पानी पाहून राह्यले, त्यायच्यापुढं खारं ठेवतं काय कोणी?"

रेणुका तशीच शेजारी बिलकिसच्या दारात गेली.

"भाभी, तुम्ही बाटलीत कोणतं पानी भरलं होतं?"

बिलकिस शेवया वाळवत होती. तिनं मानही वर केली नाही. "गोडं. मेहमानाले खारं देऊ काय? आपली काही इज्जत हाय का नाही?"

उकंडरावानं तर वाळा टाकून गार केलेलं पाणी फडक्यातून गाळून भरलं होतं, अन् ते तो अभिमानानं सांगत होता. आणखी चार दारं झाली. पाचव्या दारात तिनं विचारलंच नाही.

चूक कुणाची? चूक रेणुकाचीच. बोअरला लाइट कधी यायची त्याचा नेम नसायचा, म्हणून ती बाटल्या घरोघर ठेवून यायची अन् दुसऱ्या दिवशी भरलेल्या उचलायची. फॉर्मवर एक रकाना होता, नमुना माझ्यासमोर भरला. त्यात तिनं दोनशे बारा वेळा बरोबरची खूण केली होती, त्या देखण्या हातानं.

आता बघा कशी कोंडी. बाटल्या सुटल्या तर गावचं पाणी कागदावर अमृत ठरणार, अन् यंत्र जाणार भलत्या गावी. खरं सांगावं तर सरकारी कागदावर खोटी खूण करणारी म्हणून हीच सापडणार. आधीच जे कराराकडं संशयानं बघतात त्यांना आयतं कोलीत मिळणार. अन् गप्प बसावं, तर डोळ्यांसमोर म्हातारी ड्रमात ग्लास बुडवते आहे. महिनाभर रेणुका जेवायची म्हणून जेवली.

गोविंदाला सांगितलं, तर तो म्हणाला, "चूप राह्य. खोली तं सुटंल." त्याचंही काय चुकलं? दीड वर्ष ओसरीत झोपलेला माणूस.

अन् मग तपासणी अधिकारी आल्याच. अश्विनी मॅडम, पुण्याच्या, तिशीतल्या, खांद्याला लॅपटॉपची बॅग. उन्हानं लाल झाल्या होत्या. विमलबाईनं पितळी हंड्याचं झाकण काढलं, घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यातून पाणी दिलं. मॅडम घटाघटा प्यायल्या.

"छान आहे हो पाणी. खारपाणपट्टा म्हणतात ना हा?"

विमलबाईचा चेहरा खुलला.

मॅडमनी सील तपासून तोडलं, बाटल्या मोजल्या. "सगळं चोख ठेवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "करारावरचे आक्षेप निघालेत. बाटल्या पुढच्या आठवड्यात जातील, खोली तुमची मोकळी. फक्त एवढ्या जबाबावर सही करा, की सगळे नमुने तुमच्यासमोर भरले."

गोविंदा दारात उभा होता. त्यानं बायकोकडं बघून हळूच मान हलवली. रेणुकानं पेन घेतलं. मोकळी खोली, स्वेटर, खामगावचं काम, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन उभं राहिलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी समोर नोती. एकाही घरी नोती."

अन् सगळं सांगितलं. सांगताना रडली, पण थांबली नाही. गोविंदा तोंड फिरवून बाहेर गेला.

मॅडमनी जबाबाचा कागद बाजूला ठेवला अन् म्हणाल्या, "हे लिहून दिलंत तर काय होईल, कळतंय ना? चौकशी तुमच्यावर येईल. हे नमुने बाद. नवे घ्यायचे की नाही ते दिल्ली ठरवेल. महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर हा माल पुरावा म्हणून इथंच राहील. याच खोलीत."

"हाव."

"आणि पाणी खारं आहे हे मी कशावरून मानू? मी तर आत्ताच प्यायले."

रेणुकानं आधी जबाब लिहिला. त्याच देखण्या अक्षरात, खाली सही. मॅडमनी मेणबत्ती लावून कुलपावर नवी लाख ओतली, शिक्का दाबला. बाहेरच्या खोलीत उन्हाची काहिली होती. मॅडमनी कपाळ पुसलं अन् विमलबाईकडं बघून म्हणाल्या, "आजी, अजून थोडं पाणी द्याल?"

म्हातारी लगबगीनं कोनाड्याकडं वळली. रेणुकानं तिचा हात धरला. ओसरीत जाऊन ड्रमात ग्लास बुडवला अन् मॅडमच्या पुढं धरला.

"अवं, काय करतं!" विमलबाई कळवळली. "पाव्हणीले खारं? रेणुके, लाज काढली माही!"

मॅडमनी मोठा घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. थुंकायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा कसंबसं गिळलं. उरलेला ग्लास ओतून द्यायला त्या दाराकडं निघाल्या.

"फेकू नका बाई," विमलबाई म्हणाली. तिनं ग्लास त्यांच्या हातातून घेतला अन् उरलेलं पाणी रोजच्यासारखं उभ्या उभ्या पिऊन टाकलं.