माझी पडद्यावरची बायको आणि मोहाचा डोंगर

मला दोन बायका आहेत. एक धुळ्याला घरी, दुसरी मोबाइलवर. दुसरीमुळे लोक मला ओळखतात, पहिलीमुळे जेवायला मिळतं.

माझा भाचा अहिराणीत विनोदी व्हिडिओ करतो. त्यात एक भांडकुदळ बायको आणि तिचा मार खाणारा नवरा अशी जोडी आहे. नवरा मी. निवड कशी झाली म्हणाल तर भाच्याला पडलेल्या चेहऱ्याचा, पोट सुटलेला माणूस हवा होता आणि त्या दिवशी मी घरीच होतो. मी मूळचा रावेरकडचा, केळीच्या पट्ट्यातला. माझी अहिराणी ऐकून धुळ्याची माणसं नको तिथे हसतात. म्हणून भाच्यानं मला संवादच दिले नाहीत. "मामा, तुम्ही फक्त बघत राहा," म्हणाला. मी बघत राहतो. लोक म्हणतात, काय अभिनय आहे! आमची मंडळी म्हणते, "अभिनय कसला, घरीही असेच असतात."

भाजीबाजारात एकदा मेथीवालीनं मला विचारलं, "भाऊ, वहिनी नही उनी का आज?" खरी वहिनी शेजारीच पिशवी धरून उभी होती. त्या दिवशी मेथी आणली नाही.

ही पडद्यावरची बायको साक्रीच्या पलीकडच्या एका भिल्ल पाड्यावरची. आश्रमशाळेत असताना हात धुण्यावरच्या पथनाट्यात ती जंतू झाली होती. मग अहिराणी गाण्यांत मागच्या रांगेत नाचली. एकदा मोठ्या शहरातल्या कंपनीनं तिला आदिवासी बाईच्या भूमिकेसाठी बोलावलं आणि 'आदिवासी वाटत नाही' म्हणून परत पाठवलं. हे ती चहा पिता पिता सांगते, हसत नाही. मग आमच्याकडे आली. नवऱ्याला "तुले बाजारमा इकी टाकसू!" असं ती ओरडली आणि रातोरात प्रसिद्ध झाली. विकायला काढलेला माल मीच.

पाड्यामागच्या डोंगरावर मोहाची झाडं आहेत. उन्हाळ्यात बायका तिथे फुलं वेचतात. खाली एक झरा आहे. आमचं सगळं शूटिंगही त्याच उतारावर, कारण जागेला भाडं नाही. हा डोंगर खडी क्रशरला द्यायचा की नाही हे ग्रामसभेत ठरणार होतं. ती घरोघरी फिरत होती. म्हणाली, "भाऊ, सभेला चला. सोबत कोणी शिकलेला माणूस असला म्हणजे बरं."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जाणं हीच चूक झाली.

ती बोलायला उठली. शेजारी मी. सभा आधी माझ्याकडे बघून हसली, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "झरा आटला तर..." मागून आवाज आला, "भाऊले इकी टाक, पानी इकत लई ये!" क्रशरवाल्यांचा माणूस फार नम्र होता. हात जोडून म्हणाला, "ताई, आधी तो डायलॉग होऊन जाऊ द्या." टाळ्या पडल्या. ती डायलॉग न म्हणता खाली बसली. तोवर निम्मी माणसं खुशीत घरी निघाली होती. सभा पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाच्याला फोन केला. "डोंगराचं होईपर्यंत मी भांडणार नाही." भाचा रडकुंडीला आला. ऐन भरात माझी कारकीर्द बसली होती. घरी कळल्यावर मंडळीनं शिरा केला.

पुढच्या सभेला तिनं मला बजावलं, "भाऊ, तुम्ही मागे उभे राहा. दाराबाहेर, मोटारसायकलींपाशी. दिसू नका." पोटामुळे ते पूर्ण जमलं नाही, पण प्रयत्न केला. ती उठली आणि या खेपेला कोणी हसलं नाही. गाव तिच्यावर रागावलं होतं. पुढे बसलेली एक म्हातारी तावातावानं म्हणाली, "काय व, भांडन काब्र बंद करं? मना वेळच जात नही."

मोहावर बोलायची तिची तयारी झालेली होती. ती तयारी तिनं बाजूला ठेवली.

"अक्का, बठ्ठं भांडन त्या डोंगरवरच व्हस ना? डोंगर खडी व्हई ग्या, मंग भांडसू कोठे?"

म्हातारीनं मागे वळून सभेकडे पाहिलं. "मंग नही पाहिजे तो क्रशर!"

हात वर झाले. क्रशरवाल्यांच्या नम्र माणसानं घड्याळ पाहिलं. ग्रामसेवकांनी पेन उघडून विचारलं, "कारण काय लिहू?" सभा एका सुरात म्हणाली, "शूटिंग!" आणि फोटो काढायला बाहेर पळाली.

ती गेली नाही. मी आत आलो. ग्रामसेवकांच्या टेबलापाशी उभी राहून तिनं स्वच्छ मराठीत कारणं सांगितली. त्यांनी ती लिहिली. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेरून हाका चालल्या होत्या, "ये ना व, फोटोले!"

"भाऊ, मी काय सांगितलं ते ऐकलं तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग सांगा बरं."

मी सांगितलं. मोहाची फुलं. झरा. गुरांची वाट. पाड्यातल्या घरांवर बसणारी धूळ.

"आणि?"

आणि मला आठवेना.

"मधमाश्या," ती म्हणाली. मी मधमाश्या म्हटलं. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि माझ्या नावानं शंख करत बाहेर गेली. अंगणात टाळ्या पडल्या.