लाल खोंड, काळा रेडा

मस्टँग चांगली की चार्जर, हा वाद मी आणि माझा चुलतभाऊ चौसाळ्यात हायवेच्या कडेला बसून घालायचो. खरं म्हणजे मीच घालायचो. हॉटेलाच्या रद्दीत आम्हाला मोटारींच्या परदेशी मासिकाची दोन पानं सापडली होती. एकावर लाल मस्टँग, दुसऱ्यावर काळी चार्जर, दोन्ही आमच्या जन्माआधीच्या. मी त्याला समजावायचो की मस्टँग म्हणजे खोंड, उभं असलं तरी आता उधळेल असं वाटणारं. चार्जर म्हणजे रेडा. ताकद लई, पण वळायचं म्हटलं की जड. माझं मत मस्टँगला. त्याला मतच नव्हतं. "दोनी चांगल्या हायेत की," म्हणायचा आणि शेंगा फोडत बसायचा.

ज्याला निवडता आलं नाही, त्याला दोन्ही मिळाल्या. तो अमेरिकेत नोकरीला लागला, मी बीडला मास्तर झालो. दारात दोन्ही गाड्या उभ्या केलेला त्याचा फोटो आला, तेव्हा मी 'लई भारी' लिहून पाठवलं आणि दिवसभर वर्गात पोरांवर खेकसत राहिलो. बायको म्हणाली, भाऊच आहे ना तुमचा? भाऊ होता म्हणूनच जळत होतो. परक्याच्या गाडीवर कोण एवढं जळतं?

मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नाला त्यानं मला तिकडं बोलावलं. तिकीटही त्यानंच काढलं, म्हणजे नीट जळायचीही सोय ठेवली नाही. विमानात बसतानाच मी ठरवलं होतं, मस्टँग चालवायची. एकदाच, पण स्वतः.

विमानतळावर तो चार्जर घेऊन आला. मी सवयीनं डावीकडचं दार उघडून बसलो, तर समोर स्टिअरिंग. "दादा, इकडं समदं उलटं हाय," तो म्हणाला. मी मुकाट्यानं उजवीकडं जाऊन बसलो. चार्जर रेडाच निघाली. आवाज पोटात घुमायचा आणि वळणावर सगळी गाडी एका अंगावर कलायची. घरी पोचल्यावर त्यानं शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावाकडं आम्ही हिला रेडा म्हणायचो आणि त्या लाल गाडीला खोंड. आम्ही म्हणे! गाड्या घेतल्या ते घेतल्या, माझं बोलणंही घेतलं.

लग्न पार पडल्यावर एका मोकळ्या पार्किंगमध्ये त्यानं मस्टँगची चावी माझ्या हातात ठेवली. "घे दादा, तुजी आवडती हाय." त्याच्या चांगुलपणाचाही मला राग आला. मी क्लच दाबला आणि गिअर टाकायला डावा हात नेला, तो दारावर आपटला. मग उजव्या हातानं चाचपडत भलताच गिअर टाकला. गाडी गचके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा हात दारावर, पुन्हा गचके. तो हसला असता तर मी भांडलो तरी असतो. तो काळजीनं गिअरकडं बघत होता.

"राहू दे दादा, मी घेतो."

मी उतरलो, गाडीला वळसा घालून उजवीकडं बसलो. आमच्याकडं ड्रायव्हर जिथं बसतो, तिथं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याच्या हातात गाडी अशी सुटली की मी लहानपणी सांगायचो ते शब्दन् शब्द खरं होतं.

"मंग?" त्यानं विचारलं. "कोंती चांगली?"

"दोनी चांगल्या हायेत की," मी म्हणालो आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो.