गढीला परत गेलेली भिंत

मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याला दाखवायला काहीतरी जुनं हवं होतं. शोधाशोध होत होत ती आमच्या गावच्या गढीपाशी येऊन थांबली. सौसरहून मोहगावकडे जाताना एका आडरस्त्याला आमचं गाव आहे. गावाच्या मधोमध मातीची टेकाडाएवढी गढी, तिचे खचलेले बुरूज, समोर दगडी कमानीचा दरवाजा, आत एक बावडी आणि दरवाज्यापुढे जुन्या घरांची गल्ली. ती कोणी बांधली याबद्दल गावात एकमत नाही. गोंड राजाची म्हणणारे आहेत, भोसल्यांची म्हणणारे आहेत आणि आमच्याच आजोबांची म्हणणारे तर समोरच्या गल्लीत घरटी एक आहेत.

एक दिवस दरवाज्यापाशी निळ्या रंगाचा फलक लागला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, ‘हमारी साझी विरासत’, म्हणजे आपला सगळ्यांचा वारसा. फलकाचे खांब मजबूत होते, त्यामुळे आठवडाभर लोकांनी त्याला बकऱ्या बांधल्या.

मी सौसरला एका सरकारी कार्यालयात बाबू आहे. गढी जशी होती तशी पुन्हा उभी करायची, तर गावाची समिती पाहिजे असा नियम होता. समितीत एक बाई पाहिजे होती आणि एक माणूस गढीच्या मागच्या बौद्ध मोहल्ल्यातलं पाहिजे होतं. मला घेतल्यानं एका खुर्चीत दोन्ही कामं झाली. मी मोहल्ल्यातच जन्मले, माझी माय अजून तिथंच राहते. तेव्हा हरकत घ्यायला जागा नव्हती आणि मी घेतलीही नाही. सरकारी खर्चानं चहा मिळणार होता.

आमच्याकडे काळं रान. कापसाला, संत्र्याला चांगलं, पण त्या मातीची भिंत घातली की उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीला लागते पांढरी माती, आणि पांढरी माती म्हणजे गढी. गावातलं प्रत्येक जुनं घर गढी खणून उभं राहिलं आहे. दिवाळीच्या आधी बायका टोपली घेऊन निघायच्या आणि भिंतींना पोतारा द्यायला माती आणायच्या. गावातल्या बायका समोरून, दरवाज्याच्या अंगानं खणायच्या. आमच्या मोहल्ल्यातल्या मागून. असा नियम कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मागच्या बाजूला आमच्या खणण्यानं एक मोठा खड्डा पडला होता, लहानपणी आम्ही त्यात लपाछपी खेळायचो.

मायचं घर त्याच खड्ड्यातून आलेलं. लग्न होऊन ती इथं आली त्या उन्हाळ्यात तिनं टोपल्यानं माती वाहिली, बाबांनी त्यात कुटार, म्हणजे भुसा टाकून पायानं चिखल तुडवला आणि दोघांनी मिळून हातभर जाडीची भिंत घातली. पुढे बाबा वारले, भिंत राहिली. कापूस वेचून किंवा संत्र्याच्या बगिच्यातून माय दुपारी परत आली, की भिंतीला पाठ लावून बसायची. वैशाखातही ती भिंत गार असायची. मी शाळेतून आले की मला तिच्या शेजारी जागा असायची. त्या वेळी आम्ही फार बोलायचो असंही नाही.

समितीच्या दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत भोपाळहून आलेल्या मॅडमनी अडचण सांगितली. त्या जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या, पायात बूट, डोक्यावर टोपी, बोलणं थोडं. गढी आता संरक्षित झाली होती, म्हणून गढीची माती खणून गढीलाच लावता येत नव्हती. शेतातली माती लावून पाहिली, ती फाटली. त्यांचं म्हणणं असं, की गावात पडझड झालेली जुनी मातीची घरं आहेत, त्यांच्या भिंतींत हीच माती आहे. लोकांनी ती परत द्यावी.

गाव एकदम उत्साहात आलं. ज्यांच्या बापजाद्यांनी टोपल्या टोपल्यांनी गढी घरी नेली, ते आता दाते झाले. ट्रॉल्या भरून माती दरवाज्यातून आत जाऊ लागली. आतल्या मैदानात ढीग लागले आणि प्रत्येक ढिगाजवळ त्याचा मालक उभा राहून फोटो काढून घ्यायचा.

त्याच सुमारास मायचं पक्कं घर मंजूर झालं होतं. छपराच्या लाकडाला वाळवी लागली होती, भिंत पाडणं भागच होतं. मी तिला मॅडमचं म्हणणं सांगितलं. ती तूर निवडत होती. सुपातली तूर आधी निवडून संपवली.

मग म्हणाली, "देतो मी. पण सामनेच्या दरवज्जातून आत गेली पाह्यजे."

"काहून व माय?"

"मी लगन होऊन आली तवापासून त्या दरवज्जातून एकडाव बी आत गेली नाई. माही माती तं जाऊ दे."

तिच्या तरुणपणी आमच्या लोकांनी त्या दरवाज्यातून जायचं नसे. बायका डोक्यावर भारा घेऊन गढीला वळसा घालून यायच्या. पुढे कोणी अडवलं नसतं, पण तोवर न जायचीच सवय झाली होती. शिवाय आत काम काय? मी समितीसाठी जाऊन आले होते. आत काय आहे हे तिनं मला कधी विचारलं नाही. तिचा हट्ट मला तेव्हा थोडा पोरकट वाटला. तरी मी अध्यक्षांना सांगून ठेवलं, की आमची माती समोरून येईल. अध्यक्ष म्हणजे संत्र्याचे मोठे बागाईतदार, गोड माणूस. ते म्हणाले, "येऊ द्या न मॅडम. दरवज्जा का आमच्या बापाचा होय?" समोरच्या गल्लीतल्या माणसानं हे म्हणावं, याची मला गंमत वाटली.

भिंत पाडली त्या दिवशी मी कार्यालयात होते. माय शेजारणीकडे जाऊन बसली, तिला ते पाहायचं नव्हतं. पाडायला आणि माती न्यायला माझा चुलत भाऊ होता. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हंगामात तो बोरगाव, सौसर, पार नागपूरपर्यंत संत्री पोचवतो. शनिवारी संध्याकाळी मी गावी गेले, तर माय ताडपत्रीच्या खोपटात भांड्यांच्या मधे बसलेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माती मांगं टाकली," एवढंच म्हणाली.

मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. आमची भिंत त्याच जुन्या खड्ड्याच्या काठावर पडली होती. आतल्या बाजूला मायनं दरवर्षी दिलेल्या निळीच्या चुन्याचे पापुद्रे ढेकळांना तसेच होते. मी तरातरा चुलत भावाकडे गेले. तो ट्रॅक्टर धुवत होता.

"समोरून न्यायची होती न रे!"

"कोनं सांगतलं?" तो खरंच गोंधळला. "ताई, मी तं आपल्या नेहमीच्याच रस्त्यानं गेलो. आपल्या मोहल्ल्याची माती मांगूनच येते, तं मांगंच जाईन न."

समोरच्या गल्लीतल्या कोणी हे केलं असतं, तर माझ्याकडे शब्द तयार होते. बैठकीत उभं राहून बोलायची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली होती. ती सगळी वाया गेली. कोणी मना केलं नव्हतं, कोणी बोट दाखवलं नव्हतं. आमच्याच माणसानं आमचीच माती न विचारता मागे नेऊन टाकली होती, आणि त्यात काही चुकलं असं त्याला वाटतही नव्हतं. मला इतका राग आला, की मी तिथंच उभी राहून रडले. तो बिचारा हातात पाण्याचा पाइप घेऊन पाहत राहिला.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "माती मातीच होय न मॅडम. मांगच्या बुरुजाले लागन, थो बी किल्लाच होय." मागच्या बुरुजाचं काम मंजूर नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मागे गाड्यांसाठी जागा करायची होती. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येणारे लोक परतताना इकडे वळतील, अशी योजना होती. त्यासाठी आमचा तो खड्डा भरून सपाट करणार होते आणि सोमवारी जेसीबी लागणार होता. म्हणजे सोमवारनंतर मायच्या भिंतीवर गाड्या उभ्या राहणार.

मी हे मायला सांगितलं. ती उठली, पदर खोचला आणि चुलत भावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तूच नेली, तूच आन."

रविवारी सकाळी आम्ही सगळे मागे गेलो. तो, त्याची बायको, मोहल्ल्यातले दोघं-चौघं, आणि पंजाबी ड्रेस खराब होईल म्हणून जुनं लुगडं नेसलेली मी. फावड्यानं ओढायचं, घमेल्यात भरायचं, ट्रॉलीत टाकायचं. माय ढिगाजवळ बसून ढेकळांवरचे निळे पापुद्रे चमच्यानं खरवडत होती. मॅडमनी चुना चालणार नाही म्हणून सांगितलं होतं. सगळे काही निघाले नाहीत. माझ्या हाताला फोड आले. कार्यालयात माझं वजन आहे, घमेलं उचलताना ते कामाला आलं नाही.

ट्रॉली भरली. माय म्हणाली, मी वर बसतो. तिला आम्ही मातीवर बसवलं. ट्रॅक्टर वळसा घालून गावात शिरला आणि समोरच्या गल्लीत आला. ओट्यांवर लोक होते, रविवार होता. त्यांनी माना वळवून ट्रॉलीकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईनं तेवढं विचारलं, "कोठी चालली व?"

"माती देऊन राहिली," माय वरूनच म्हणाली.

दरवाज्यापुढे येऊन चुलत भावानं ट्रॅक्टर थांबवला. इंजिनही बंद केलं. मला वाटलं काही बिघडलं. तो खाली उतरला, मागे आला आणि वर पाहून म्हणाला, "मोठमाय, उतर. पयले तू चाल. मंग मी आनतो."

आम्ही तिला धरून उतरवलं. तिनं लुगड्याची माती झटकली, पदर डोक्यावर घेतला आणि कमानीखालून आत गेली. मी मागे दोन पावलं होते. आत काय होतं? मातीचे ढीग, बांबूच्या परांच्या, जाळी टाकलेली बावडी, कुणाच्या तरी चार बकऱ्या. आणखी काही नाही. मैदान. त्यात गवत.

माय मधोमध उभी राहिली. सगळीकडे नीट पाहिलं. एकदा बावडीपर्यंत जाऊन आली.

"एवढंच होय?" ती म्हणाली.

मग ती आमच्याकडे वळली.

"एवढ्यासाठी आमाले सारी जिंदगी मांगून फिरवलं?"

चुलत भाऊ हसला. मला हसू आलं नाही. माझ्या आजीनं, तिच्या सासूनं डोक्यावर भारा घेऊन घातलेले सगळे वळसे मला एकदम आठवले. मग ट्रॅक्टर आत आला, माती पडली, आणि आम्ही निघालो. आमचं घर मागच्या बाजूनं दोन मिनिटांवर आहे, पण माय दरवाज्यातूनच बाहेर आली आणि गावभर चालत, वळसा घालून घरी गेली.

दरवाज्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा माती कमी पडत होती. मॅडमना आमचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी जवळचा ढीग म्हणून आमचा उचलायला लावला. दरवाज्याच्या उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीपासून खाली नीट पाहिलं तर मातीत बारीक निळे ठिपके दिसतात. अध्यक्षांना ते खटकतात. वरून एक हात मारून घेऊ, असं ते म्हणत असतात.

गढी उभी राहिली. नवा फलक लागला, दिवे लागले, पाहुणे येऊन गेले, भाषणांत ‘साझी विरासत’ इतक्यांदा झालं की पोरं मोजत होती. मायचं घरही उभं राहिलं. विटांचं, वर स्लॅब, फरशी, नळ. चांगलं घर आहे. चैत्र लागला आणि दुपारी त्यात बसवेना. पंखा गरम वारा फिरवायचा.

या उन्हाळ्यात एका दुपारी मी गावी गेले, तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, किल्ल्यात असन. मी गेले. माय दरवाज्याच्या सावलीत, उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून बसली होती. तिच्यासमोर निळ्या वर्दीतला पहारेकरी उभा होता. परासियाकडचा, नवीन, आणि तसा नम्र.

"अम्मा, दीवार से टिकना मना है. बोर्ड पे लिखा है."

"काहून?"

"सबकी धरोहर है न, अम्मा. सबकी चीज़ है."

"सबकी होय न?" माय म्हणाली. "तं मंग टेकू दे."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी शिकलेली दिसत होते, मी समजावीन असं त्याला वाटलं असावं. मी चपला काढल्या, मायच्या शेजारी बसले आणि पाठ टेकली. भिंत गार होती.