मध्येच तुटणारं पान

आमची वहिनी कपडे इस्त्री करून देते. सुरकुतीशी तिचं उभं वैर. गिऱ्हाईक दारात चुळबुळत असलं तरी कॉलर पुन्हा उलटून दाबणार म्हणजे दाबणार. अशी खमकी बाई रोज दुपारी इस्त्री बंद करून लेकाचा गेमचा डबा घेऊन बसते, हे बघून माझं डोकंच फिरायचं. मी पडले तोंडाची फटकळ. बोलायचेही.

डबा म्हणजे हातात मावणारा जुना गेम कन्सोल. त्यावर इंटरनेट बघायला तिच्या लेकाने, माझ्या भाच्याने, हौशी मुलांनी घरी बनवलेला ब्राउझर घातला होता, आणि त्याबद्दल अशाच हौशींच्या एका साइटवर त्याने एक पान लिहिलं होतं. त्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि हातातोंडाशी आलेला लेक गेला.

वहिनी तेच पान त्याच डब्यावर वाचायची. ‘यात व्हिडिओ चालत नाही. फोटो अर्धेच उतरतात. पासवर्डवाल्या साइट तर दारातही उभं करत नाहीत. आणि पान जड असलं की मेमरी भरते, ते मध्येच तुटतं. यावर मला एक उपाय’...

झालं! पठ्ठ्याने वर हौसेने इतके फोटो चिकटवले होते की इथवर येईतो मेमरी भरायची आणि त्याचंच पान तुटायचं. रोज. त्याच शब्दावर.

“अगं वहिनी, माझ्या फोनवर अख्खं दिसेल. ये इकडे.”

“नको, वन्सं. फोनवर शेवट दिसेल. इथे त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही.”

मी फोन परत पिशवीत टाकला.

मग ती साइट बंद होणार असल्याचं कळलं. वहिनीला सांगितलं. तिने मान हलवली आणि शर्टाची बाही सरळ केली. मला मात्र राहवेना. घरी जाऊन फोनवर पान उघडलं. तुटलेल्या वाक्याच्या पुढे एवढंच होतं: ‘सापडलाय. पण तो उद्या. आई जेवायला हाका मारून दमली, आता उठलो नाही तर माझी धडगत नाही.’ खाली कुणीतरी विचारलं होतं, उपाय काय? त्याला उत्तर नव्हतं. मी फोन पालथा ठेवला आणि ढसाढसा रडले.

साइट बंद झाली त्या दुपारी वहिनीकडे गेले. डब्यावर कोरा पडदा. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

“वन्सं, तुम्ही वाचलंत ना? खरं सांगा.”

“वाचलं.”

“माझ्याबद्दल काही होतं?”

“होतं. तू जेवायला हाका मारत होतीस, म्हणून लिहिणं टाकून उठला.”

वहिनीचा चेहराच उतरला. “आणि मी त्याला ताटावर बसल्यावर बोलले हो. अन्न गार केलंस म्हणून.” मग हळूच म्हणाली, “हाक मारली नसती तर पुरं लिहिलं असतं त्याने.”

“आणि उपाशी बसला असता!” मी ओरडलेच. “तुझ्या हाकेला उठला, वहिनी. तुझ्या हातचं जेवला.”

लेक गेला तेव्हा ती दगडासारखी बसून होती. आज डबा पोटाशी धरून रडली. मी तिला रडू दिलं.